औषधाच्या काउंटरवर साधं दुखणं कसं ओळखायचं आणि डॉक्टरांकडे कधी पाठवायचं?

तुम्ही लिहिलंय की फार्मसीचं शिक्षण संपवून नुकतेच काउंटरवर उभे राहायला लागलात. लोक येऊन "घसा धरलाय, काहीतरी द्या" म्हणतात आणि कोणाला गोळी द्यायची नि कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचं, हे ठरवताना हात थांबतो. शिवाय डॉक्टरांचं नाव काढलं की माणसं नाराज होतात. मी हे काम 22 वर्षं करते आहे. तुमचा हात थांबतो हे फार चांगलं आहे. सुरुवातीला माझा थांबत नव्हता, त्याचीच गोष्ट आधी सांगते.

तिशीतली एक बाई घसादुखीसाठी चघळायच्या गोळ्या मागायला आली होती. मी दिल्या, एकही प्रश्न न विचारता. चौथ्या दिवशी तिचा नवरा दुसऱ्याच औषधांची चिठ्ठी घेऊन आला, तेव्हा कळलं की ती तापाने फणफणून रुग्णालयात दाखल आहे. थायरॉइडचं काम वाढलं म्हणून दीड महिन्यापूर्वी तिला कार्बिमाझोल सुरू झालं होतं. या औषधाने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा घसादुखी, तोंड येणं किंवा ताप हीच असते. अशा माणसाची रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ती बरी झाली, पण मध्ये चार दिवस गेले होते. तिचं दुखणं ओळखायला डॉक्टर असायची गरजच नव्हती. "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं, की आजाराला नाव देण्याच्या मागे लागू नका. ते आपलं काम नाही आणि काउंटरवर उभ्याउभ्या ते होतही नाही. आपण एवढंच पाहायचं, की हे दुखणं साध्या दुखण्यासारखं वागतंय का. त्यासाठी तीन गोष्टी विचारायच्या: कोणासाठी हवंय, किती दिवस झाले, आणि आणखी काय चालू आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो, म्हणून त्यावरच थोडं जास्त लिहिते. कोरडा खोकला महिनाभर हटत नाही, कफ नाही, ताप नाही, तर रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू आहे का ते पाहा. खोकल्याची बाटली देऊन तो जाणार नाही, गोळी बदलावी लागते. आणि ती डॉक्टरांनीच बदलायची, रुग्णाला स्वतःहून बंद करायला सांगू नका. शौचाला काळी होते म्हणणारा माणूस लोहाच्या गोळ्या घेत असेल तर कारण बहुधा तेच. पण तोच गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेत असेल आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट होत असेल, तर पोटात रक्तस्राव होतोय असं धरून त्याच दिवशी पाठवा. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांचं औषध), क्लोझापिन (तीव्र मानसिक आजाराचं औषध) किंवा केमोथेरपी चालू असणाऱ्याला ताप नि घसादुखी झाली, तर ती साधी समजायचीच नाही.

दिवसांचा हिशेब तोंडपाठ ठेवा. घसा साधारण आठवड्यात बरा होतो, सर्दी आठवडा-दीड आठवड्यात, आणि सर्दीनंतरचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. लोकांना हे माहीत नसतं. पाचव्या दिवशी खोकला आहे म्हणून घाबरून ती अँटिबायोटिक मागतात. त्यांना आकडा सांगितला की निम्मी काळजी तिथेच मिटते. खोकला तीन आठवड्यांपुढे गेला तर पाठवायचं. क्षयरोग जास्त आढळतो अशा भागात दोन आठवडेच पुरेत. रक्त पडत असेल, वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, तर दिवस मोजूच नका. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तीही दाखवायला हवी, मग दुखत असो वा नसो.

'कोणासाठी' या प्रश्नाचं उत्तर तान्हं बाळ असलं, की माझा निर्णय बहुतेक तिथेच होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर काउंटरवरून कुठलंही औषध न देता लगेच पाठवते. थोड्या मोठ्या मुलाच्या खोकल्यात आईला बाळाचं अंग उघडं करायला सांगा आणि ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे. छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, रुग्णालयच. जुलाबात ओआरएस द्या, घोटाघोटाने पाजायला सांगा. पण मूल पीतच नसेल, मलूल पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होत असेल किंवा शौचात रक्त असेल, तर घरी थांबण्यात अर्थ नाही. आणि 16 वर्षांखालच्या कोणालाही तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका.

मोठ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पित्ताच्या गोळीची. "छातीत जळजळतंय" म्हणत आलेल्या माणसाकडे नीट बघा. घाम फुटलाय का, दुखणं हातात, जबड्यात, पाठीत जातंय का, जिना चढताना वाढतं का? मधुमेह्यांना आणि बायकांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसती मळमळ, धाप किंवा विचित्र थकवा येऊ शकतो. शंका आली तर गोळी बाजूला ठेवून आधी रुग्णवाहिका बोलवा, त्याला चालत जाऊ देऊ नका. गिळताना घास अडकणं, उलटीत रक्त, कारण नसताना घटणारं वजन, आणि पंचावन्नच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त यांनाही डॉक्टरांनी पाहायला हवं.

बाकीचं थोडक्यात. लाल डोळा नुसता चिकट नि खाजरा असेल तर फारशी चिंता नसते; पण दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा माणूस कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. डोकेदुखी एका क्षणात कमाल गाठणारी, किंवा ताप आणि ताठ मानेसह आलेली, तर तातडीने. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, कानशील दाबलं की दुखणारी आणि चावताना जबडा भरून येणारी असेल तरीही त्याच दिवशी, कारण उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. कंबरदुखीत लघवी अडली किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली तर थेट रुग्णालय. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळायला मलम देऊ नका, शिरेत गुठळी असू शकते.

आता नाराजीबद्दल. "मला कळत नाही, डॉक्टरांकडे जा" असं म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो आणि दुखणं अंगावर काढतो. मी कारण सांगते: "तुमचा खोकला चौथ्या आठवड्यात गेलाय, म्हणून छाती तपासून घ्यायला हवी. आज गेलात तर बरं." मग एका कागदावर वय, तक्रार, किती दिवस, काय घेतलं आणि कशामुळे पाठवते आहे, हे लिहून हातात देते. लेखी कागद घेऊन माणसं जातात, हा माझा अनुभव आहे. आणि ज्यांना औषध देऊन घरी पाठवते त्यांनाही दिवस ठरवून देते: "परवापर्यंत ताप उतरला नाही, किंवा थुंकी गिळायलाही त्रास व्हायला लागला, तर माझ्याकडे येऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा." हे जाताजाता म्हणू नका. औषधाची पिशवी हातात द्यायच्या आधी, त्यांच्याकडे बघून सांगा आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.