माळकरी माणसाला लिव्हरचा कॅन्सर कसा?

"मॅडम, खरं सांगा, ह्यांनी कधी लपून घेतली असंल का हो?"

काकूंनी मला ओपीडीबाहेर बाजूला घेऊन विचारलं. काका सातारा जिल्ह्यातले, वय 67, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारे. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या गाठीचा कॅन्सर निघाला आणि गावात कुजबुज सुरू झाली. चाळीस वर्षं संसार केलेल्या काकूंच्या मनातही पाल चुकचुकली. त्याची त्यांना लाज वाटत होती, म्हणून आवाज इतका बारीक.

हा प्रश्न हल्ली मला वारंवार येतो. मी या कामाला लागले तेव्हा लिव्हरच्या ऑपरेशनला येणाऱ्यांच्या फायलीत बहुधा हिपॅटायटिस बी किंवा सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारे विषाणू असायचे, नाहीतर दारू. बी अजूनही पुष्कळ दिसतो. त्याची लस 2011 पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळू लागली, पण ती बाळं आत्ता कुठे दहावीच्या आसपास पोचली आहेत. तिचा खरा गुण दिसायला वेळ आहे. सीवर मात्र तीन महिन्यांच्या गोळ्या आल्या आणि बहुतेकांचा विषाणू जातो. आता फायली वाढल्यात त्या काकांसारख्यांच्या: साठी-सत्तरीचे, वर्षानुवर्षं साखर, सुटलेलं पोट, फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. पूर्वी सत्तरीच्या माणसाला ऑपरेशन नको म्हणून घरचेच परत न्यायचे. आता नुसत्या वयावर कुणी अडत नाही. हृदय कसं आहे, उरणारं लिव्हर किती आणि कसं आहे, ते बघतात.

काकांना 19 वर्षं साखर. हिपॅटायटिसच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. फायलीच्या तळाशी आठ वर्षांपूर्वीची सोनोग्राफी सापडली: 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू'. काकूंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "ह्याला आम्ही काही धरलंच नाही ओ. डॉक्टर चालायला सांगत होते." फॅटी लिव्हरमधून कधीकधी सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होणं, ते न होताही कॅन्सर होतो, हे मी त्यांना सांगितलं. बराच वेळ त्या गप्प बसल्या.

काका मात्र ऑपरेशनला तयार नव्हते. "केलं तर गाव म्हणणार, पिऊन लिव्हर सडवलं." कापता येण्याजोगी गाठ, बाकीचं लिव्हर बरं, आणि माणूस लोकलाजेपायी घरी निघालेला! मला फार वाईट वाटलं. दारूनं लिव्हर बिघडतं हे खरंच आहे, पण प्यायलेल्या माणसालाही आधी उपचार हवेत, बोलणी नंतर. काकांना तर ती बोलणीही लागू नव्हती. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं: एवढा भाग काढायचा, उरलेलं लिव्हर काही आठवड्यांत वाढून ती जागा बरीचशी भरून काढतं. काकूंनी मग सगळ्यांदेखत सांगितलं, "हे साखरेचं दुखणं आहे. गावाला मी सांगंन."

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी माळ काढायला सांगितली. काकूंनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि काका बाहेर येईपर्यंत गाठीवरचा हात काढला नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगा माझ्या टेबलाशी आला. वय 41, साखर बॉर्डरवर. मी त्याला सोनोग्राफी, लिव्हरच्या रक्ततपासण्या, प्लेटलेट आणि हिपॅटायटिस बी-सी लिहून दिलं. कागद खिशात घालताना म्हणाला, "मॅडम, ह्या वेळचा रिपोर्ट फायलीच्या तळाशी जाणार नाही."