तारीख आधी, कारण नंतर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वीस मिनिटं बोललास. अमेरिकेतलं भावाचं घर, मुरगळलेला पाय, पुढे ढकललेलं तिकीट, व्हिसावर २०३१ साल छापलंय म्हणून निर्धास्त राहिलास ते, एजंट काय म्हणाला, मित्र काय म्हणाला, सगळं ऐकलं. पण वीस मिनिटांत तू स्वतःहून एकही तारीख सांगितली नाहीस. मी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे सीबीपीच्या, म्हणजे तिकडच्या सीमा तपासणी खात्याच्या, साइटवर जाऊन आय-९४ ही मुक्कामाच्या मुदतीची नोंद उघडलीस. मुदत १४ जून २०२४. परतीचं विमान ३ जुलैचं. १९ दिवस.

तुझा सगळा मामला एवढाच आहे. बाकीचं तू वीस मिनिटं बोललास ते कारण. तारीख आधी, कारण नंतर. आणि कारण तेही विचारलं तर.

व्हिसावरची तारीख म्हणजे दारापर्यंत कधीपर्यंत येता येईल त्याची. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, मान्य. पण व्हिसाच्या मुलाखतीत 'मला माहीत नव्हतं'ने सुरुवात केलीस, तर समोरच्याला वाटणार की हा काहीतरी झाकतोय. १९ दिवसांनी तुझ्यावर बंदी येत नाही. तीन वर्षांची बंदी १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून निघून गेलेल्याला, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षांची. हा कायदा १९९६ सालचा आहे. तुझं नुकसान एवढंच की तो २०३१ पर्यंतचा व्हिसा मुदत उलटली तेव्हाच बाद झाला. त्यावर जायचा विचारसुद्धा करू नकोस. नवा व्हिसा लागणार, तो आपल्याच देशातून काढायचा, आणि विद्यार्थी व्हिसाचा अर्ज तू तसाही करतोच आहेस.

आता तुझा तो एजंट. डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये, सरळ प्रश्न आहे: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिला आहात का? हा गृहस्थ म्हणतो, 'नाही' टाका, त्यांच्याकडे नोंद नसते. कशी नसेल? विमान कंपनी प्रवाशांची यादी सीबीपीला देते. तू आलास कधी, गेलास कधी, हे मुलाखतीच्या खिडकीपलीकडच्या माणसाला तू तोंड उघडण्याआधी दिसत असतं. त्याच फॉर्मवर आधीच्या भेटींच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस वेगळे भरायचे असतात. एका पानावर साडेसहा महिने लिहिणार आणि दुसऱ्या पानावर 'नाही'? जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर त्याला तीन वर्षं नाहीत, दहा वर्षं नाहीत, तो जन्मभराचा. सवलतीचा अर्ज करता येतो, पण मग प्रत्येक वेळी तोच करत बसायचं. १९ दिवसांसाठी हे ओढवून घेतोस? 'हो' टाक. खालच्या चौकटीत दोन तारखा, मग दिवस, मग एका ओळीत कारण. बास.

तू म्हणालास, 'मावशी, तुम्हाला काय भीती, तुम्ही तर दर दोन वर्षांनी जाता.' ऐक तर मग.

२००५ साली मी बहिणीकडे होते. तेव्हा पासपोर्टमध्ये एक पांढरं कार्ड स्टेपल करून देत, त्यावर मुदत. माझी ९ मार्च. फेब्रुवारीत बहिणीला जुळं झालं, अपुऱ्या दिवसांचं. दोन्ही बाळं काचेच्या पेटीत, मेहुणे रात्रपाळीला, बहिणीला उठवत नव्हतं. मी २५ एप्रिलला निघाले. ४७ दिवस उशिरा. मी थांबले ते चुकले असं मला आजही वाटत नाही. आज तशी वेळ आली तरी मी थांबेन. चूक ही, की मुदत संपण्याआधी आय-५३९ फॉर्म भरून मुदतवाढ मागता येते, अर्ज वेळेत गेला की निर्णय येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत, आणि तो फॉर्म त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन आठवडे पडून होता.

२००७ मध्ये बाळांना भेटायला त्याच जुन्या व्हिसावर गेले. तिकडच्या विमानतळावर काउंटरवरच्या ऑफिसरने विचारलं, गेल्या वेळी मुदत कधीपर्यंत होती? मी पेटीतल्या बाळांपासून सुरुवात केली. त्याने पुन्हा विचारलं. मी बहिणीच्या तब्येतीबद्दल सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, 'आठवत नाही.' ९ मार्च मला आठवत नव्हता? झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. मी लबाड बाई नव्हे रे. बावीस तासांचा प्रवास, मागे रांग, जीभ टाळ्याला चिकटलेली. पण तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या स्क्रीनवर ९ मार्च होता.

आतल्या खोलीत चार तास बसवलं. शपथेवरचा जबाब टाइप करून समोर ठेवला, प्रत्येक पानाच्या खाली आद्याक्षरं करायची. दुसऱ्या पानावर माझंच उत्तर इंग्रजीत छापलेलं होतं, 'आय डोन्ट रिमेंबर'. बाळांबद्दल एक ओळ नव्हती. मी न वाचताच सह्या करत होते, तेवढं पान मात्र दिसलं. प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ दिला आणि पुढच्या विमानाने परत पाठवलं. खोटेपणाचा ठपका ठेवला नाही हे माझं नशीब. नंतर दोनदा व्हिसा नाकारला गेला. २०१३ मध्ये मिळाला, तेव्हा मी खिडकीशी पहिलं वाक्य बोलले ते '९ मार्चची मुदत होती, मी २५ एप्रिलला निघाले'. त्याने कारण विचारलं. सांगितलं. पाठीमागे लागलेलं प्रकरण दोन मिनिटांत संपलं. जुळी तेव्हा आठ वर्षांची होती.

तुझी मुलाखत पुढच्या महिन्यात मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मराठीत बोलेन म्हणून सांग, त्यात कमीपणा नाही. विद्यार्थी व्हिसालाही परत येणार हे तुलाच पटवून द्यावं लागतं, आणि मागचे १९ दिवस त्याच तराजूत पडणार. म्हणून ते तूच आधी ठेव. 'गैरसमज झाला', 'थोडासा उशीर', 'जवळजवळ वेळेवर' असले शब्द नकोत. १९ म्हण.

व्हिसा मिळाला तरी विमानतळावर हेच पुन्हा विचारतील. तिथे वाद घालायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही; दारात उभ्या असलेल्या पाहुण्याने उत्तर दिलं नाही तर त्याला परत पाठवू शकतात. (देशाच्या आत असताना कोणी धरलं तर गोष्ट वेगळी, तिथे वकील येईपर्यंत तोंड मिटून राहायचा हक्क आहे. यूट्यूबवर लोक या दोन्हींची खिचडी करतात.) खरंच आठवत नसेल तरच 'आठवत नाही' म्हण. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, दुभाषी माग. जबाब समोर आला तर प्रत्येक ओळ वाच, चुकलेली ओळ तिथेच दाखव, मग सही.

रविवारी सकाळी फोन कर. मी विचारेन, गेल्या वेळी मुदत कधीपर्यंत होती? तू '१४ जून, निघालो ३ जुलैला' म्हण आणि थांब. मी पुढे काहीच बोलले नाही तरी थांब.

तुझी,
मावशी