उद्यानाचे पार्किंग: तपासनीसांचा पगार दंडातून काढावा का?

प्रश्न: उद्यानाच्या वाहनतळावर शुल्क लावले, पण बरेच जण पावती घेत नाहीत. तपासणीसाठी माणसे नेमायची आहेत. त्यांचा पगार दंडाच्या रकमेतून भागेल का?

उत्तर: दंडावर पगार अवलंबून ठेवू नका. तपासणी नीट सुरू झाली की लोक पावती घेऊ लागतात आणि दंडाची रक्कम घटते. म्हणजे काम चांगले झाले की पगाराचेच पैसे आटतात. वर तपासनीसांवर 'केसेस' वाढवायचा दबाव येतो, तो वेगळाच. पगार, पावती देणाऱ्या यंत्रांची देखभाल आणि पावत्यांचा कागद हा खर्च शुल्कातून काढा. शुल्काचे खाते स्वतंत्र ठेवा, उरलेली रक्कम उद्यानावरच खर्च करा आणि हिशेब फाटकावर लावा.

माणसे किती, हे तपासणीच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेवरून ठरवा. एका गाडीला अर्धे मिनिट धरले तर १२० जागांना एक तास लागतो. फेरीची वेळ रोज बदला, नाहीतर लोक ती पाठ करतात. गर्दी शनिवार-रविवारी असेल तर माणसेही तेव्हाच वाढवा.

दंड टिकत नाही तो बहुधा पुराव्याअभावी. नंबरप्लेट, काचेमागची पावती आणि जवळचा दरफलक यांचे वेळेसह फोटो हवेतच. दंड करण्याआधी १० मिनिटांची सवलत द्या. यंत्र बंद असेल तर त्या काळात दंड नको. बंद-चालूची वेळ वहीत लिहा. रोकड मोजताना दोघे हजर हवेत, आणि ती यंत्राच्या बेरजेशी त्याच दिवशी ताडून पाहा.