बटण बंद, तरी एलईडी मिणमिणतो

जिन्यातला ९ वॅटचा एलईडी बटण बंद केल्यावरही मिणमिणतो, मधूनच चमकतो, आणि वायरमनच्या सांगण्यावरून बल्ब बदलला तरी तेच, असं तुम्ही लिहिलंय. दुसराही बल्ब चांगलाच असणार. आधी वायरिंग बघा.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासून घ्या: बटण फेज तोडतंय की न्यूट्रल? न्यूट्रल तोडत असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट हजर असतात आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. इथे टेस्टरवर विसंबू नका, तो नुसत्या चोरट्या करंटवरही, म्हणजे थेट जोडणी नसताना झिरपणाऱ्या किरकोळ करंटवरही, पेटतो. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब, होल्डरचा एकेक पॉइंट आणि बोर्डातला खात्रीचा न्यूट्रल यांच्यात लावून बघायला सांगा. बटण बंद असताना तो झळझळीत पेटला तर फेज थेट होल्डरला गेलीय. ही फेज-न्यूट्रलची अदलाबदल वायरमनकडूनच सुधारून घ्या, मेन बंद करून.

फेजच तुटत असेल तर मग खरी गंमत. जिन्याच्या टू-वे वायरिंगमध्ये दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी एकाच पाइपातून शेजारी शेजारी जातात. दिवा बंद असताना त्यातली एक फेजवर असते आणि दुसरी बल्बला जोडलेली. दोन तारा आणि मध्ये पीव्हीसी, झाला कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा आणि एसी करंट थोडाफार पलीकडे जाऊ देणारा भाग! त्याची क्षमता दर मीटर लांबीला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर १० मीटर वायरीला १ नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा (१ भागिले २πfC; f म्हणजे हर्ट्झ, C म्हणजे ही क्षमता) सुमारे ३२ लाख ओहम, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ७० मायक्रोअँपिअर.

जुन्या ६० वॅटच्या बल्बला पेटायला पाव अँपिअर लागायचा, त्याला याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बल्बच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, मात्र रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि त्यामागे कॅपॅसिटर असतो. ठिबकत्या नळाखालच्या बादलीसारखा तो भरत राहतो. पुरेसा व्होल्टेज साठला की ड्रायव्हरची चिप जागी होते, बल्ब चमकतो, साठा संपतो, पुन्हा भरणं सुरू. अशी चिप नसलेले काही स्वस्त बल्ब चमकत नाहीत, सतत मंद उजळलेले राहतात.

बटणात लाल इंडिकेटर असेल तर पाइपाला दोष देण्याआधी तो काढून बघा. त्याचा करंट बल्बमधूनच परत जातो आणि तो या ७० मायक्रोअँपिअरच्या कितीतरी पट असतो.

उपाय: बल्बला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-टू प्रकारचा कॅपॅसिटर. पंख्याचा किंवा रेडिओतला जुना काढून लावू नका. एक्स-टू मेन्सवर कायम राहण्यासाठीच बनवलेला असतो. त्याचा अडथळा ३२ हजार ओहम, पाइपातल्या कॅपॅसिटरच्या शंभरावा भाग, म्हणून बल्बपाशी दोन-अडीच व्होल्टच उरतात. चिप जागीच होत नाही. वीजबिलाची काळजी नको, कॅपॅसिटरमधला करंट व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो, वॅट जवळजवळ शून्य.

खर्च करण्याआधी खात्री हवी असेल तर त्याच बटणावरच्या दुसऱ्या होल्डरला, असल्यास, जुना पिवळा बल्ब लावा. मिणमिणणं तिथल्या तिथे थांबलं तर कारण हेच.