सार्कोमाची गाठ आधीच का काढत नाहीत? आमच्या अण्णांच्या वेळचं सांगतो

तुमच्या वडिलांच्या मांडीत ९ सेंटीमीटरची गाठ, तुकडा तपासल्यावर हाय ग्रेड (जोरात वाढणारा) सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागातला कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणतात आधी केमो आणि लाइट (रेडिएशन), मग ऑपरेशन. आणि नातेवाईक म्हणतात 'आधी कापून मोकळे व्हा'. तुमचा प्रश्न वाचून आमचंच घर आठवलं. मी डॉक्टर नाही, पण मोठ्या भावाचं हेच सगळं सोलापुरात राहून केलंय.

हा भाऊ म्हणजेच अण्णा, यंत्रमागावर कामाला. एका दवाखान्यात 'चरबीची गाठ आहे' म्हणून तुकडा न तपासताच काढायची तारीखसुद्धा दिली होती. मेहुण्यानं एमआरआयचा हट्ट धरला म्हणून वाचलो. तुमचा तुकडा आधीच तपासलाय, ही मोठी गोष्ट आहे.

सार्कोमाच्या पेशी गाठीभोवतीच्या सुजेतही असतात, त्यामुळे भोवतालच्या चांगल्या मांसासकट गाठ काढावी लागते. मांडीत शेजारीच मोठी नस आणि रक्तवाहिनी. आधी लाइट दिली की काठावरच्या पेशी मरतात आणि पाय वाचवून ऑपरेशन करणं सोपं जातं. आधी साधारण ५० ग्रे (लाइटचं माप) पुरतात, २५ दिवस, सोमवार ते शुक्रवार. नंतर द्यायची तर ६० ते ६६ ग्रे, तीही जास्त भागावर. त्यानं पाय पुढे कडक होतो, सुजतो. दिवसभर मागापुढे उभं राहणाऱ्या माणसासाठी आम्हाला हेच महत्त्वाचं वाटलं.

केमो वेगळ्या कारणासाठी. हा आजार पसरला तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन करतात. अण्णांना डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड होतं. पहिलं औषध लालभडक; लघवी लाल झाली तेव्हा आई रडायलाच लागली, पण तो औषधाचा रंग होता. त्याआधी हृदयाची टूडी इको करतात. आयफॉस्फामाइडसोबत मूत्राशय जपायला मेस्ना नावाचं औषध देतात. डॉक्सोरुबिसिन आणि लाइट एकाच वेळी दिली तर कातडी फार भाजते, म्हणून बहुधा एकामागून एक किंवा आड-आड देतात. केमोचा फायदा सगळ्या प्रकारांत सारखा नसतो. तुमच्या वडिलांना ती का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

लाइट संपली तरी अण्णांची गाठ जवळपास तेवढीच होती. घरात सगळे हबकले. नंतर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा आतला मोठा भाग मेलेला निघाला. मापावरून निराश होऊ नका.

किंमत मोजावी लागते ती जखमेत. कॅनडातल्या २००२ साली छापलेल्या अभ्यासात आधी लाइट घेतलेल्यांपैकी ३५ टक्के जणांना जखमेचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणून लाइटनंतर ४ ते ६ आठवडे थांबून ऑपरेशन करतात. तरीही अण्णांची जखम दोन महिने पाझरत होती. वहिनी रोज सकाळी लुंगी वर सारून, पट्टीवरचा ओला डाग किती मोठा झालाय ते पेनानं आखून ठेवायची. शुगर असेल तर आत्ताच आटोक्यात आणा, तंबाखू बंद करा, आणि प्लास्टिक सर्जन ऑपरेशनला असणार का ते विचारा.

लाइटसाठी रोज मुंबई गाठायची गरज नाही, सोलापूर जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. पण तुकड्याची स्लाइड आणि एमआरआय घेऊन एकदा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं टाटाला जाऊन या. सार्कोमा रोज पाहणाऱ्यांचं मत घेतलेलं बरं.

रिपोर्टात सार्कोमाचा नेमका प्रकार काय लिहिलाय, तो मला कळवा. मिक्सॉइड लायपोसार्कोमा असेल तर तो लाइटला चांगला दाद देतो, आणि गाठ खरोखरच आक्रसू शकते.