अमेरिकेत एच-फोरवर (एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असताना कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग करावं की थेट चार वर्षांचं बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री? घरचे नर्सिंगच नको म्हणतायत.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आधी सोपं सांगते, कम्युनिटी कॉलेजमधूनच करा. एडीएन (कम्युनिटी कॉलेजची नर्सिंगची असोसिएट डिग्री) असो की बीएसएन, आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्ससाठी दोघांनाही एनक्लेक्स हीच परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियात रहिवासी धरले गेलात तर कम्युनिटी कॉलेजात युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) 46 डॉलर फी आहे, युनिव्हर्सिटीची फी एकदा बघून या.

आता घरच्यांचं. मी सांगलीची, बीकॉम. मी नर्सिंगचं नाव काढलं तर मोठे मामा फोनवर म्हणाले, "फर्स्ट क्लास बीकॉम पोरगी परक्यांचे बेडपॅन उचलणार? आम्ही चार लोकांत काय सांगायचं?" आईसुद्धा त्यांच्याच बाजूने बोलली, ते जास्त लागलं. तेव्हा मी गप्प बसले. नंतर अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी हे प्रवेशाआधी लागणारे विषय सगळे श्रीगणेशापासून केले, आणि मग प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागायची वाट बघितली.

दुसऱ्या सेमिस्टरला क्लिनिकलमध्ये (हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलमध्ये) मला एक आजी दिल्या होत्या, रक्त पातळ करायची गोळी म्हणजे वॉरफरिन चालू असलेल्या. सकाळी त्यांना बेडपॅन दिला आणि काढताना बघते तर शी काळीकुट्ट, डांबरासारखी चिकट, आणि वास असा की एकदा घेतला की जन्मभर ओळखता येतो. मी ते टाकून दिलं नाही, झाकून ठेवलं आणि इन्स्ट्रक्टरना बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आयर्नच्या गोळ्या चालू आहेत का, कारण आयर्ननेपण शी काळी होते. चार्ट बघितला, नव्हत्या. परत बीपी घेतलं तर सकाळपेक्षा उतरलेलं, पल्स 112. नर्सने डॉक्टरांना कळवलं, रक्त तपासायला गेलं, हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं. पोटात आतून ब्लीडिंग चालू होतं आणि आजींचं कुठेच दुखत नव्हतं. दुपारच्या आत त्यांना आयसीयूत हलवलं.

मामांना हे मी आजवर सांगितलेलं नाही. पण मामा, ते बेडपॅनमध्येच दिसलं आणि ते बघायला शिकलेलं माणूस लागतं. घाण काढायचं काम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा वॉर्डात उभं राहून बघावं, पेशंटच्या सगळ्यात जवळ कोण असतं ते.

हो, काही गोष्टी राहिल्या. एच-फोरवर शिकता येतं, पण ईएडी म्हणजे कामाचा परवाना हातात असल्याशिवाय नोकरी करता येत नाही, आणि तो नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या कामावर अवलंबून असतो, त्यामुळे ते कुठवर आलंय ते आधी नीट विचारा. बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांना बीएसएनच हवं असतं, ते नंतर नोकरी करता करता ऑनलाइन पूर्ण होतं. कॉलेजच्या प्रोग्रामला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे ना तेही बघा. आणि तुमचं लेकरू लहान असेल तर पहाटे साडेपाचला घर सोडायची सोय आधी करा, कारण क्लिनिकलला दांडी चालत नाही.

पण अ‍ॅनाटॉमीला येत्या सेमिस्टरलाच नाव घाला, घरच्यांच्या होकारासाठी थांबू नका. मामांना आज ना उद्या पटेल म्हणून मी अख्खं एक वर्ष थांबले होते, आणि त्यांना अजूनही पटलेलं नाही.