निस्गा, निशगा की निस्का?

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या जमीनहक्कांवरचा एक लेख मराठीत आणताना तिथल्या एकाच आदिवासी लोकांचं नाव तीन तऱ्हांनी दिसतं, निस्का, निशगा आणि निस्गा'आ. मराठीत कोणतं घ्यावं? आणि त्या लटकत्या चिन्हाच्या जागी अवग्रह चालेल का?

अवग्रह नकोच. 'आईऽऽ' लिहितो तेव्हा आपण स्वर लांबवतो. इथे नेमकं उलट होतं. ते चिन्ह म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास. पोट भरलेलं पोर मान हलवत 'अं-अं' करून घास नाकारतं ना, त्या दोन 'अं'च्या मध्ये बसतो तो झटका. आवाज आपल्या घशातही आहे, वर्णमालेत मात्र त्याला घर नाही. नेपाळ-सिक्कीमकडच्या लिंबू भाषेसाठी देवनागरीत ॽ हे चिन्ह आहे खरं, पण मराठी वाचक ते प्रश्नचिन्हच समजेल.

'ग'ची गंमत वेगळीच. रोमन लिपीत त्याच्याखाली रेघ देतात, कारण तो पडजिभेपाशी, उर्दू 'क़लम'मधला क़ निघतो तिथून येतो. म्हणून कुणाला ग ऐकू आला, कुणाला क. 'निशगा' जुन्या कागदपत्रांतलं. याच लोकांचे नेते फ्रँक कॅल्डर यांच्या जमीनहक्काच्या खटल्यातल्या, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या निकालात तेच आहे. सरकारशी झालेल्या, ११ मे २००० पासून लागू झालेल्या करारात, ज्याने नास खोऱ्यातली सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या मालकीची ठरवली, 'निस्गा'आ' आहे.

मी 'निस्गा' लिहीन, पहिल्या उल्लेखात हवं तर 'निस्गा'आ'. जोडाक्षर सोडू नका. 'निसगा' लिहिलंत तर मुद्रितशोधक रफार राहिला समजून 'निसर्गा' करून मोकळा होईल.

त्यांच्या भाषेला ते 'सिमअल्गाख' म्हणतात, म्हणजे खरी, अस्सल बोली. शेजारचे त्सिमशियन आपल्या भाषेला जवळपास हेच नाव देतात! गिटक्सन लोकांची बोली तर इतकी जवळची की एकमेकांचं बोलणं कळतं. त्या नावातलं 'गिट' म्हणजे आपलं '-कर', फक्त शब्दाच्या सुरुवातीला लागणारं: क्सन, म्हणजे स्कीना, नदीकाठचे ते गिटक्सन. निस्गांच्या चारपैकी गिटलाख्तामिक्स आणि गिट्विंक्सिल्क या गावांच्या नावांतही ते सापडेल.

लेखात त्यांच्या सरकारच्या नावात 'लिसिम्स' आलं तर गोंधळू नका. ती नास नदीच. 'नास' हे तिला शेजारच्या ट्लिंगिट लोकांनी दिलेलं नाव. निस्गांच्या तोंडी ती लिसिम्स, गढूळ पाण्याची.